टेस्टोस्टेरॉन पूरक उपचार

टेस्टोस्टेरॉन पूरक उपचार म्हणजे ज्या पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पुरेशा प्रमाणात तयार होत नाही, त्याला ते इंजेक्शन, लेप, गोळी अथवा अन्य मार्गाने बाहेरून देण्याची वैद्यकीय पद्धत होय. वृषणांच्या किंवा मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीच्या निश्चित विकारामुळे कमतरता आली असेल, तर हा उपचार आवश्यक आणि बहुधा आयुष्यभराचा असतो. वाढते वय, स्थूलता किंवा मधुमेह यांमुळे संप्रेरकाची पातळी थोडी उतरलेली असते, तेव्हा मात्र तो सुरू करावा की नाही याचे उत्तर सरळ नसते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने या निर्णयाचा विचार केला आहे. लिंगपरिवर्तनाच्या वैद्यकीय प्रक्रियेतही टेस्टोस्टेरॉन वापरले जाते. त्याचे निकष वेगळे असल्याने तो विषय येथे घेतलेला नाही.

संज्ञा

‘हॉर्मोन’ या शब्दासाठी मराठीत ‘संप्रेरक’ हा शब्द पाठ्यपुस्तकांतून रूढ झाला आहे. ज्या अवस्थेत वृषणांकडून टेस्टोस्टेरॉन अथवा शुक्राणू, किंवा दोन्ही, पुरेसे निर्माण होत नाहीत, तिला जननग्रंथींची न्यूनक्रिया असे म्हणता येईल. डॉक्टर मंडळींच्या बोलण्यात ‘हायपोगोनॅडिझम’ हाच शब्द असतो. वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक सदरांत ‘पुरुषांची रजोनिवृत्ती’ असाही शब्दप्रयोग आढळतो. तो आकर्षक असला तरी दिशाभूल करणारा आहे. स्त्रियांमध्ये बीजकोशांचे कार्य पन्नाशीच्या आसपास थांबते आणि ते सर्वच स्त्रियांमध्ये थांबते. पुरुषांमध्ये असे काही घडत नाही. तिशी-चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉनची पातळी दरवर्षी साधारण एक टक्क्याच्या गतीने उतरते आणि बहुसंख्य पुरुषांमध्ये ती अखेरपर्यंत सामान्य मर्यादेतच राहते. ‘पौरुष’ या शब्दाला मराठीत पराक्रमाचा अर्थ चिकटलेला असल्याने रक्तचाचणीच्या अहवालातील एक आकडा कमी आला की रुग्णाला तो आपल्या कर्तृत्वावरचाच शेरा वाटतो. निर्णय घेताना हा गोंधळ जेवढा दूर राहील तेवढे बरे.

कार्य आणि नियमन

टेस्टोस्टेरॉन हे स्टेरॉइड वर्गातील संप्रेरक मुख्यतः वृषणांतील लायडिग पेशींमध्ये तयार होते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ फ्रान्त्स लायडिग यांनी १८५० मध्ये या पेशींचे वर्णन केले होते. पौगंडावस्थेत आवाज फुटणे, दाढी-मिशा येणे, स्नायू व हाडे बळकट होणे हे बदल या संप्रेरकामुळे होतात. प्रौढ वयात कामेच्छा, शुक्राणूंची निर्मिती, हाडांची घनता, स्नायूंचे वस्तुमान आणि तांबड्या रक्तपेशींची निर्मिती यांसाठी ते आवश्यक असते.

त्याच्या निर्मितीवर मेंदूचे नियंत्रण असते. अधश्चेतक हा मेंदूचा भाग पोष ग्रंथीला रासायनिक संदेश देतो; पोष ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. एलएचमुळे वृषणांत टेस्टोस्टेरॉन तयार होते, तर एफएसएच शुक्राणूंच्या निर्मितीस साहाय्य करते. रक्तातील टेस्टोस्टेरॉन वाढले की मेंदूकडून येणारा संदेश मंदावतो. घरावरील पाण्याच्या टाकीत पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढले की तरंगता गोळा नळ बंद करतो, तशीच ही व्यवस्था आहे. या दृष्टान्ताचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. टाकीत कोणी बाहेरून टँकरचे पाणी ओतले तरी गोळा नळ बंदच करणार. टेस्टोस्टेरॉन बाहेरून दिले की मेंदू एलएच आणि एफएसएच थांबवतो, वृषणांचे स्वतःचे काम बंद पडत जाते आणि कालांतराने त्यांचा आकारही लहान होतो. या उपचाराचे पुष्कळसे दुष्परिणाम आणि तो थांबवताना येणाऱ्या अडचणी यातूनच उद्भवतात.

कमतरतेची कारणे

वृषणांतच बिघाड असेल तर त्यास प्राथमिक न्यूनक्रिया म्हणतात. क्लाइनफेल्टर संलक्षणात पुरुषाच्या पेशींत एक जादा एक्स गुणसूत्र असते. हे दर ५०० ते १,००० पुरुषांमागे एकात आढळते आणि अनेकदा विवाहानंतर अपत्य होत नाही म्हणून केलेल्या तपासण्यांतच उघड होते. लहानपणी वृषण वृषणकोशात न उतरणे, तारुण्यात झालेल्या गालगुंडाच्या आजारात वृषणांना सूज येणे, कर्करोगावरील रासायनिक किंवा किरणोत्सारी उपचार, इजा ही अन्य कारणे होत.

बिघाड पोष ग्रंथी किंवा अधश्चेतकात असेल तर ती दुय्यम न्यूनक्रिया होय. पोष ग्रंथीतील गाठ, प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे आधिक्य, जन्मतः वास न येण्याशी निगडित असलेले कालमन संलक्षण ही तिची उदाहरणे. थॅलॅसेमियाच्या ज्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांच्या पोष ग्रंथीत लोह साचूनही ही कमतरता येते. वेदनाशामक म्हणून दीर्घकाळ घेतलेली अफूजन्य औषधे आणि व्यायामशाळांतून मिळणारी स्नायूवर्धक स्टेरॉइडे हीही ठळक कारणे आहेत.

तिसरा गट संख्येने सर्वांत मोठा आणि निर्णयाच्या दृष्टीने सर्वांत अवघड आहे. पोटाची स्थूलता, टाइप २ मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा विकार, मूत्रपिंडाचे वा यकृताचे जुने आजार यांमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी आढळते. येथे वृषण व पोष ग्रंथी शाबूत असतात. मूळ आजारामुळे त्यांचे काम दबलेले असते.

लक्षणे

कामेच्छा कमी होणे, सकाळी आपोआप येणारी लिंगाची ताठरता नाहीशी होणे आणि संभोगाच्या वेळी ताठरता न येणे ही तीन लक्षणे कमतरतेशी सर्वाधिक निगडित आहेत. दाढी विरळ होणे, स्तनांची वाढ, किरकोळ आघाताने हाड मोडणे, कारण न सापडणारा रक्तक्षय ही चिन्हेही लक्षणीय होत. याउलट थकवा, उदासपणा, चिडचिड, झोप नीट न लागणे, एकाग्रता न होणे ही लक्षणे अत्यंत सामान्य असून त्यांची शेकडो कारणे असतात. रात्रपाळी करणारा, कर्जाच्या हप्त्यांनी गांजलेला, दिवसातून चार तास प्रवास करणारा माणूस थकणारच.

युरोपातील ८ केंद्रांत ४० ते ७९ वर्षे वयाच्या ३,३६९ पुरुषांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. वरील तीनही लैंगिक लक्षणे आणि त्याबरोबर संप्रेरकाची खालावलेली पातळी असा कडक निकष लावला असता केवळ २.१ टक्के पुरुष उत्तरवयातील न्यूनक्रियेच्या व्याख्येत बसले. चाळिशीनंतरच्या प्रत्येक पुरुषाला या उपचाराची गरज असते, असे सुचवणाऱ्या जाहिराती वाचताना हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

निदान

निदानासाठी लक्षणे आणि रक्तातील कमी पातळी या दोन्ही गोष्टी लागतात. एकट्या आकड्यावरून अथवा एकट्या तक्रारीवरून ते करता येत नाही. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा मानली आहे. त्याच देशातील अंतःस्रावी ग्रंथीतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्थूल नसलेल्या तरुण पुरुषांसाठी २६४ ते ९१६ ही सामान्य कक्षा दिली आहे. म्हणजे २८० हा आकडा एका निकषाने कमी, तर दुसऱ्याने सामान्य ठरतो. प्रयोगशाळेच्या छापील अहवालात आकड्याशेजारी ठळक अक्षरांत ‘कमी’ असे लिहून आले, तरी ते निदान नव्हे.

चाचणी केव्हा केली याला विलक्षण महत्त्व आहे. टेस्टोस्टेरॉनची पातळी पहाटे व सकाळी सर्वाधिक असते आणि दिवस चढतो तशी उतरते. जेवणानंतरही ती खाली येते. म्हणून रक्त सकाळी, साधारण १० वाजण्यापूर्वी, उपाशीपोटी द्यावे असा संकेत आहे. संध्याकाळी कामावरून परतताना दिलेल्या रक्ताचा अहवाल या कामी निरुपयोगी ठरतो. ताप, शस्त्रक्रिया किंवा कोणताही तीव्र आजार असताना पातळी तात्पुरती घसरते, त्यामुळे अशा काळात चाचणी करू नये. पहिला आकडा कमी आल्यास वेगळ्या दिवशी चाचणी पुन्हा करावी लागते. पहिल्या वेळी कमी पातळी आढळलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के जणांची दुसरी चाचणी सामान्य येते. दुसरी चाचणी न करता पहिले इंजेक्शन देणे ही या क्षेत्रातील सर्वांत सामान्य आणि सहज टाळता येणारी चूक आहे.

रक्तातील बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना बांधलेले असते. मोकळे टेस्टोस्टेरॉन सुमारे दोन टक्केच असते. स्थूल व्यक्तींमध्ये बांधणारे प्रथिन (एसएचबीजी) कमी होते, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसला तरी मोकळा भाग पुरेसा असू शकतो. वृद्धांमध्ये नेमके उलट घडते. आकडा सीमारेषेवर असेल तेव्हा मोकळ्या भागाचे मापन किंवा गणित करून घ्यावे लागते.

कमतरता पक्की झाल्यावर एलएच आणि एफएसएच तपासले जातात. ते वाढलेले असल्यास दोष वृषणांत, कमी किंवा सामान्य असल्यास दोष वरच्या बाजूस असे समजते. दुसऱ्या प्रकारात प्रोलॅक्टिन, लोह आणि प्रसंगी पोष ग्रंथीचे एमआरआय चित्रण आवश्यक असते. ही पायरी गाळून थेट उपचार केल्यास पोष ग्रंथीतील गाठ मागे राहून जाण्याचा धोका असतो. डोकेदुखी किंवा नजरेच्या कडा अंधुक होणे ही तिची लक्षणे मग उशिरा ध्यानात येतात.

लाभाविषयीचे पुरावे

क्लाइनफेल्टर किंवा पोष ग्रंथीच्या विकारासारख्या स्पष्ट कारणांत उपचाराचा लाभ निर्विवाद आहे. तरुण वयात तो न मिळाल्यास हाडे ठिसूळ होतात आणि पौगंडातील बदल अपुरे राहतात.

वयोमानानुसार आलेल्या कमतरतेबाबत अमेरिकेत ६५ वर्षे व त्यावरील ७९० पुरुषांवर एकमेकांशी जोडलेल्या सात चाचण्या झाल्या. त्यांची पातळी २७५ पेक्षा कमी होती. निम्म्यांना वर्षभर टेस्टोस्टेरॉनचा जेल आणि निम्म्यांना तसाच दिसणारा औषधविरहित जेल देण्यात आला. कामेच्छा आणि लैंगिक क्रिया यांत माफक सुधारणा झाली, मनःस्थिती किंचित सुधारली, रक्तक्षय कमी झाला, हाडांची घनता वाढली. मात्र उत्साहाच्या मोजमापात लक्षणीय फरक पडला नाही आणि स्मरणशक्तीवर काहीच परिणाम दिसला नाही. अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०२० मध्ये दिलेला सल्ला याच निष्कर्षांशी सुसंगत आहे: वयाने आलेल्या कमतरतेत लैंगिक तक्रार असल्यास उपचाराची चर्चा करावी, केवळ जोम, शारीरिक क्षमता किंवा बुद्धी वाढावी म्हणून तो देऊ नये. बहुतेक पुरुष नेमके ‘अंगात जोर राहिला नाही’ म्हणूनच येतात. जेथे अपेक्षा सर्वांत मोठी, तेथे पुरावा सर्वांत तोकडा, अशी ही स्थिती आहे.

मधुमेहाच्या संदर्भात ऑस्ट्रेलियात ५० ते ७४ वर्षांच्या १,००७ पुरुषांवर केलेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांचा कमरेचा घेर ९५ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त होता आणि सर्वांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला होता. दोन वर्षांनी मधुमेह असणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत १२ टक्के, तर औषधविरहित गटात २१ टक्के होते. परिणाम लक्षणीय असला तरी औषध घेतलेल्यांपैकी २२ टक्के पुरुषांचे रक्त धोक्याच्या मर्यादेपलीकडे दाट झाले. त्यामुळे केवळ मधुमेह टाळण्यासाठी हे औषध देण्याची शिफारस रूढ झाली नाही.

धोके

अपत्यप्राप्ती हा यातील सर्वाधिक दुर्लक्षित मुद्दा आहे. वृषणांच्या आत टेस्टोस्टेरॉनची तीव्रता रक्तातल्यापेक्षा अनेक पटींनी जास्त असते आणि शुक्राणू त्या तीव्रतेवरच तयार होतात. बाहेरून औषध दिल्यावर रक्तातील आकडा सुधारतो, पण वृषणांतील तीव्रता कोसळते आणि शुक्राणूंची संख्या घटत शून्यावर येऊ शकते. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट देऊन चाचण्या घेतल्या होत्या. निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यात सहा महिन्यांत शुक्राणू उरले नाहीत. औषध थांबवल्यावर बहुतेकांत ६ ते १२ महिन्यांत निर्मिती पूर्ववत होते, काहींना दोन वर्षे लागतात. मूल हवे असलेल्या तिशीतील पुरुषाला वंध्यत्वावर ‘ताकदीचे इंजेक्शन’ म्हणून टेस्टोस्टेरॉन दिले जाणे हा म्हणूनच उलटा उपचार होय. अशा पुरुषासाठी, दोष वरच्या बाजूचा असल्यास, एचसीजी आणि एफएसएच यांची इंजेक्शने किंवा क्लोमिफेन यांचा विचार केला जातो. यांनी वृषणांचे स्वतःचे काम चालू राहते.

तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होणे हा सर्वांत वारंवार आढळणारा दुष्परिणाम आहे. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेल्यास औषध थांबवतात किंवा मात्रा घटवतात. मुरुमे, पायांवर सूज, स्तनांत दुखणे हेही होऊ शकते.

हृदयविकाराबाबत दीर्घकाळ वाद होता. चालण्यात अडचण असलेल्या वृद्धांवरील एक चाचणी हृदयविषयक घटना वाढल्यामुळे मुदतीपूर्वी थांबवावी लागली. तिचा वृत्तान्त २०१० मध्ये आला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये वेष्टनावर इशारा छापणे बंधनकारक केले. त्यानंतर हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा मोठा धोका असलेल्या ४५ ते ८० वर्षांच्या ५,२४६ पुरुषांवर ‘ट्रॅव्हर्स’ ही चाचणी झाली. २०२३ मधील तिच्या निष्कर्षांनुसार हृदयाचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण औषधाच्या गटात ७.० टक्के आणि औषधविरहित गटात ७.३ टक्के होते, म्हणजे फरक नव्हता. तथापि हृदयाची अनियमित धडधड, फुप्फुसात रक्ताची गुठळी आणि मूत्रपिंडास तीव्र इजा या तीन गोष्टी औषधाच्या गटात अधिक आढळल्या. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष सर्वांनाच अनपेक्षित होता. हाडांची घनता वाढवणाऱ्या या औषधाने हाडे मोडण्याचे प्रमाण कमी होईल असे वाटत होते; प्रत्यक्षात ते औषधाच्या गटात ३.५० टक्के, तर दुसऱ्या गटात २.४६ टक्के निघाले.

पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाची भीती चार्ल्स हगिन्स यांच्या १९४१ मधील संशोधनापासून आहे. वृषण काढल्याने पसरलेला कर्करोग आटोक्यात येतो, हे त्यांनी दाखवले होते. ट्रॅव्हर्स चाचणीत, आधी नीट तपासून निवडलेल्या पुरुषांमध्ये, गंभीर कर्करोगाचे प्रमाण दोन्ही गटांत अल्पच आढळले. तरीही पुरःस्थ ग्रंथीचा किंवा स्तनाचा कर्करोग, पीएसए ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर, आधीच दाट असलेले रक्त, उपचार न केलेला तीव्र निद्राश्वासविकार, आटोक्यात नसलेला हृदयपात, गेल्या सहा महिन्यांतील हृदयाचा झटका वा पक्षाघात आणि नजीकच्या काळात अपत्याची इच्छा, या स्थितींत उपचार सुरू करू नये असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

औषधाचे प्रकार

एनान्थेट, सिपियोनेट आणि मिश्र एस्टरांची इंजेक्शने दोन ते तीन आठवड्यांनी घेतात. ती स्वस्त आहेत; पण पहिल्या काही दिवसांत पातळी उंच चढते आणि पुढच्या इंजेक्शनपूर्वी खाली येते, तशी रुग्णाची मनःस्थितीही हेलकावते. अनडेकॅनोएटचे १,००० मिलिग्रॅमचे इंजेक्शन १० ते १४ आठवडे पुरते. त्यात तेलाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात जाण्याची क्वचित शक्यता असल्याने ते हळूहळू द्यावे लागते. अनडेकॅनोएटच्या तोंडावाटे घ्यायच्या कॅप्सूल स्निग्ध जेवणाबरोबर घ्याव्या लागतात. मिथाइल टेस्टोस्टेरॉनच्या जुन्या गोळ्या यकृतास घातक असल्याने मागे पडल्या आहेत. जेल रोज त्वचेवर लावतात आणि पातळी स्थिर राहते. मात्र लावलेला भाग पत्नीच्या वा मुलांच्या अंगाला लागल्यास संप्रेरक त्यांच्या शरीरात जाते. लहान मुलांत अकाली पौगंडाची लक्षणे दिसल्याच्या घटनांनंतर २००९ मध्ये अमेरिकेत याविषयी ठळक इशारा देण्यात आला. नातवंडे अंगाखांद्यावर खेळणाऱ्या घरात ही बाब गौण नाही.

इतिहास

१८४९ मध्ये गटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी खच्ची केलेल्या कोंबड्यांत वृषणाचे पुन्हा रोपण केले, तेव्हा त्यांचा तुरा आणि आरव परतला. १८८९ मध्ये शार्ल ब्राउन-सेकार या वयाची बहात्तरी गाठलेल्या नामांकित शास्त्रज्ञाने कुत्रे व गिनिपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचे जाहीर केले. त्या पाण्यातील अर्कात संप्रेरक जवळजवळ नव्हतेच. गुण आला तो विश्वासाचा. औषधविरहित गट ठेवल्याशिवाय या औषधाची परीक्षा का करता येत नाही, याचे हे पहिले उदाहरण म्हणता येईल. १९३५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे एर्न्स्ट लाकूर यांच्या गटाने बैलाच्या वृषणांतून शुद्ध टेस्टोस्टेरॉन वेगळे केले आणि त्याच वर्षी अडोल्फ बुटेनान्ट व लेओपोल्ड रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. या दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतातील स्थिती

भारतात टेस्टोस्टेरॉन डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे. टाइप २ मधुमेह व पोटाची स्थूलता यांचे प्रमाण मोठे असल्याने वर उल्लेखिलेला तिसरा गट येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. या गटात वजन घटवले, मधुमेह आटोक्यात आणला, निद्राश्वासविकारावर उपचार केला की टेस्टोस्टेरॉनची पातळी औषधाविना वर येऊ शकते. वजन जितके जास्त घटते, तितकी ती अधिक चढते. म्हणून सीमारेषेवरील आकड्यासाठी आधी काही महिने हा मार्ग अनुसरणे युक्त समजले जाते.

लैंगिक दुर्बलतेविषयीची धास्ती येथे जुनी आहे. वीर्यनाशाच्या कल्पनेतून येणाऱ्या थकव्याला आणि चिंतेला भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात संलक्षण’ हे नाव दिले. मराठीत र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या विषयावर मोकळेपणाने लिहिले. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने बंदी आहे. रेल्वेमार्गालगतच्या भिंती पाहता ती फारशी जाणवत नाही. स्पर्धात्मक खेळाडूंसाठी टेस्टोस्टेरॉन सर्वकाळ निषिद्ध असून वैद्यकीय गरज असल्यास पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

देखरेख आणि उपचार थांबवणे

उपचार सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी टेस्टोस्टेरॉन व हिमॅटोक्रिट तपासतात. चाळिशीपुढील पुरुषांत पीएसएही पाहतात. पहिल्या वर्षात पीएसए १.४ ने वाढल्यास मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवले जाते. पातळी सामान्य कक्षेच्या मध्यावर ठेवणे हे उद्दिष्ट असते. त्याहून वर नेल्याने लाभ वाढत नाही, दुष्परिणाम वाढतात.

ज्या लक्षणासाठी उपचार घेतला ते आरंभीच लिहून ठेवणे उपयुक्त ठरते. कामेच्छेतील बदल काही आठवड्यांत जाणवू लागतो. वर्षभरात लैंगिक तक्रारीत सुधारणा नसल्यास औषध बंद करण्याचा सल्ला दिला जातो. बंद केल्यावर मेंदूचा दबलेला संदेश पूर्ववत होईपर्यंत काही आठवडे ते काही महिने पातळी मूळच्यापेक्षाही खाली राहते आणि थकवा, निरिच्छा अधिक जाणवतात. ही अवस्था तात्पुरती असली तरी रुग्णाला ‘औषधाविना आपले चालत नाही’ असे वाटून तो पुन्हा इंजेक्शनाकडे वळतो. त्यामुळे हा कालावधी किती असेल, हे पहिली मात्रा देण्यापूर्वीच सांगितले जाणे अपेक्षित आहे.